घरटी एक माणूस

भाड्याचं घर बघायला गेले की मी आधी दोन गोष्टी तपासते. कपाट दारातून उभं निघेल की आडवं करावं लागेल, आणि टेम्पो अंगणापर्यंत येतो की गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. बाकीचे लोक पाणी किती वाजता येतं ते विचारतात, उजेड बघतात, शेजार बघतात. मी बाहेर पडायचा रस्ता बघते. आमचं स्वतःचं घर गेल्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत सात घरं झाली, आणि त्यातल्या एकाही मालकाने आम्हाला "निघा" म्हटलं नाही. मी कोणाला तेवढी उसंतच दिली नाही. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत माझी बोचकी बांधून तयार असायची.

गेलेलं घर म्हणजे विरार पश्चिमेचा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी दिवसाआड, पण आमचा. नवरा लेथ मशीनवरचा कारागीर. वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात राबल्यावर त्याने वसई पूर्वेला स्वतःचा गाळा घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी फ्लॅट तारण ठेवला. त्या कागदांवर माझीही सही आहे, हे भांडताना मी सोयीस्करपणे विसरते. दोन वर्षांत गाळ्याचं काम आटलं, हप्ते थकले, बँकेची पत्रं यायला लागली. मग एका शनिवारी दोन माणसं आली. एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. त्यांनी हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं, माळ्यावरच्या सामानासकट फोटो काढले. फार अदबीने बोलत होते. मी त्यांना चहा दिला, बरोबर खारी दिली. हे मोजमाप आमचं घर विकायला काढण्यासाठी चाललंय हे मला नंतर कळलं. त्या चहाचा मला अजून राग येतो.

पुढे दारावर कागद चिकटला आणि जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी तो वाचला. सोसायटीचे सेक्रेटरी आधी रोज हसून बोलायचे, ते मला बघून चपला शोधायला लागले. प्रत्यक्ष ताबा घेतला त्या दिवशी मी शाळेत होते, सहामाही परीक्षेच्या पर्यवेक्षणावर. घरी नवरा एकटा होता. मी पोचले तेव्हा आमचं सामान खाली पार्किंगमध्ये होतं आणि दाराच्या कुलपाला सील लागलं होतं. यादी करणाऱ्याने काम चोख केलं होतं, अगदी "पोळपाट-लाटणे, एक" इथपर्यंत. मी नवऱ्याला विचारलं, "मी येईपर्यंत दोन तास थांबवून धरता आलं नाही तुम्हाला?" तो म्हणाला, "थांबवून काय झालं असतं?" काहीच झालं नसतं, हे मलाही कळत होतं. तरी ते दोन तास मी त्याला आजवर माफ केले नव्हते.

तेव्हापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. दारावर चिकटलेला कुठलाही कागद मी वाचायच्या आत फाडते. एकदा असाच वीज मंडळाचा फाडला. मीटर बदलायला येणार म्हणून त्यात लिहिलं होतं. माणूस दार बंद बघून निघून गेला आणि आम्ही दीड दिवस अंधारात बसलो. वर्तमानपत्र उघडलं की मी ताब्याच्या नोटिसांचं पान आधी काढते. पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, असं परक्यांच्या घरांचं वर्णन वाचत बसते, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणतात, बाई स्थळं बघतायत. शाळेतून येताना दोन स्टॉप आधी उतरून जुन्या बिल्डिंगवरून चालत जाते. आमच्या खिडकीला आता सरकत्या काचा लागल्यात. बघून काही मिळत नाही, पायच तिकडे वळतात. पुण्याला नोकरी करणारी मुलगी काही पाठवायचं झालं की आधी विचारते, "आई, या महिन्यात पत्ता काय टाकू?" आणि नवरा म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, हिचं टेम्पोत.

सहावं घर नंदाखालला मिळालं. पुढे मालकिणीचं मोठं घर, मागे दोन खोल्यांचं आमचं, मधे फरसबंदी अंगण, बाजूला विहीर आणि मग नुसती केळी नि नारळ. मालकीण सत्तरीपुढची ख्रिस्ती बाई. तिच्या घरातली बोली मला अर्धीच समजायची. आमच्याशी मात्र ती जमेल तेवढी पुस्तकी मराठी बोलायची आणि मला "टीचर" म्हणायची. मी तिला मावशी म्हणायला लागले. आल्यावर आठवड्याभरातच नवऱ्याने तिचा विहिरीवरचा पंप खोलून दुरुस्त केला. तेव्हापासून वाडीत कुणाचा पंप रुसला की हाक आमच्या घरी. गाळा बुडाल्यापासून जो माणूस मान खाली घालून चालायचा, तो आता हातात पाना घेऊन शीळ घालत बांधावरून फिरायला लागला. त्याची शीळ मी कित्येक वर्षांनी ऐकत होते.

आणि तरी अकरा महिन्यांचा करार संपत आला तशी माझी चुळबुळ सुरू झाली. मावशीने कराराचा विषयही काढला नव्हता. ती म्हणाली, "राहा की, कोण उठवते?" त्यावर मी कशीबशी दुसरं वर्ष राहिले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पुन्हा घरं बघायला लागले, तेव्हा नवऱ्याने एक दिवस जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "हे बघ," तो म्हणाला, "मी आता हलणार नाही. तुला जायचं तर जा. मी इथेच राहणार." लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात त्याने असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मी हसण्यावारी नेलं. पण आतून टरकले, कारण या खेपेला मी निघाले तर एकटी निघणार होते.

मग तो शनिवार आला. शाळा अर्धी होती. दुपारी मी फाटकातून आत शिरले तर अंगणात दोन माणसं, एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. मावशीचा मुलगा हात मागे बांधून शेजारी उभा. पुढच्या घराच्या पायरीपासून त्यांनी माप धरलं ते थेट माझ्या भिंतीपर्यंत आणलं, भिंतीवर खडूने रेघ मारली, फोटो काढला. मावशीच्या मुलाने मला बघितलं आणि नजर विहिरीकडे वळवली. मी आत जाऊन खिडकीच्या आडोशाला उभी राहिले. या वेळी चहा मात्र विचारला नाही.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. "मावशी, ती माणसं कशाला आली होती?"

मावशी तांदूळ निवडत होती. "आलेली अशीच. काम हाय थोडं," ती म्हणाली आणि लगेच विचारलं, "आज बोंबील घेतलास का? ताजे होते."

तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं, एवढं मला दिसलं. जागा विकायला काढलीय, दुसरं काय असणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी फुंकायलाही थांबले नाही, ताकाचं भांडं तिथेच टाकून पळाले. मंगळवारपर्यंत वटारला एका बंगलीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या ठरवल्या. मावशी दहा पावलांवर राहत होती, तरी तिला मी फोन करून सांगितलं. समोर जायचा धीर नव्हता. ती म्हणाली, "बरं. तुझी मर्जी."

नवरा म्हणाला, "नीट विचार तरी एकदा."

"विचारलं. बोंबलांवर नेलं त्यांनी."

"मग मी विचारतो."

"तुम्ही विचाराल आणि ते सांगतील तेव्हा सामान बाहेर काढायचं का? एकदा बघितलंय मी ते."

"मी हलणार नाही, सांगितलंय तुला."

तेव्हा माझी जीभ घसरली. "आता बरे ठाम राहताय," मी म्हणाले. "तेव्हा दोन तास नाही राहता आलं."

टेम्पो भरून झाल्यावर त्याने शांतपणे वर चढून आपली गादी, एक खुर्ची आणि छोटी शेगडी खाली उतरवली. टेम्पोवाला एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि म्हटलं, चला. नंदाखाल ते वटार अंतर ते किती, पण सगळ्या वाटेत मी मागे वळून बघितलं नाही, आणि याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

वटारचं घर छान होतं. खाली फुलझाडं, गच्चीवरून लांबवर वाड्याच वाड्या. मी कुकर, दोन पातेली आणि शाळेच्या साड्या एवढंच बाहेर काढलं. संध्याकाळी गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, आणि खालच्या बाई विचारायच्या, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" नवऱ्याचा रोज आठ वाजता फोन यायचा. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." एवढं झालं की फोन ठेवायचो. मला त्याची फार आठवण यायची. इतकी वर्षं घर गेल्याचं दुःख उगाळत बसले, पण घरात माणूस नसणं काय असतं ते मी पहिल्यांदा भोगत होते, आणि तेही स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं.

तिसऱ्या रविवारी त्याचा फोन सकाळीच आला.

"अगं, लग्न आहे," तो म्हणाला. "मावशींच्या नातवाचं, जानेवारीत. ती माणसं मांडवाचं माप घ्यायला आली होती."

मी एका खोक्यावर बसले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्यांच्यात देवळात नवरा-नवरीची नावं पुकारल्याशिवाय बाहेर बोलत नाहीत. चर्चला ते देऊळच म्हणतात. आज पहिल्यांदा पुकारली. मिसा, म्हणजे त्यांची प्रार्थना, सुटल्यावर मावशी स्वतः येऊन सांगून गेल्या."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग कशाच्या भरवशावर थांबलात?"

"कशाच्याच नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. मांडवाची मापं बघून बिऱ्हाड हलवणारी बाई उभ्या वसई तालुक्यात मी एकटीच असेन. तो म्हणाला, "येतेस का मग?" मी म्हणाले, इथली अनामत भरलीय. कारण फुसकं होतं, दोघांनाही कळलं. खरं कारण असं की परत जायचं तर मावशीसमोर उभं राहून विचारावं लागणार होतं, आणि नाही म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. नऊ वर्षं मी आयुष्याची सगळी मांडणी अशी केली होती की कुणापुढे उभं राहून हो की नाही याची वाट बघायला लागू नये. घर सोडणं मला येत होतं. घर मागणं मी विसरून गेले होते.

नाताळ झाल्यावर मावशी सुनेला घेऊन रिक्षाने वटारला आली. हातात पत्रिका आणि फराळाचा डबा. खुर्ची नव्हती, म्हणून खोक्यावरच बसली. "सगळ्यांनी यायचं," म्हणाली, "मुलीला पन पुण्याहून बोलव." मी घर का सोडलं याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलं, आणि निघालं काय तर, "सरबत घेणार?"

लग्नाच्या आदल्या दिवशी मी शाळा सुटल्यावर नंदाखालला गेले. मांडव पुढच्या पायरीपासून माझ्या भिंतीपर्यंत पसरला होता. माझी भिंत म्हणायची सवय अजून गेली नव्हती. मागच्या बाजूला पंधरा-वीस बायका गोल करून कांदे चिरत होत्या, लसूण सोलत होत्या. लग्नाचं जेवण हल्ली केटररच करतो, पण आदल्या दिवशीच्या कामाला घरटी एक माणूस यायचं ही वाडीची जुनी रीत आहे. म्हातारं असो, नोकरदार असो, प्रत्येक घरातून एक जण येतोच. न येणाऱ्या घराला कोणी काही बोलत नाही, पण ते घर सगळ्यांच्या लक्षात राहतं. गेल्या वर्षी शेजारच्या लग्नात आमच्या घरातून मी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लसणाचा वास येतोय म्हणून मुलं नाकं मुरडत होती.

मी पदर खोचून सुरी उचलली, तर शेजारच्या वाडीतली बाई मोठ्या मायेने म्हणाली, "अहो टीचर, तुमी कशाला? तुमी आता पाहुन्या. वर बसा खुर्चीवर." कोणीतरी खुर्ची आणली, कोणी चहा आणला, बशीत केक ठेवला. मी खुर्चीवर बसले. इतक्या मानाने मला कोणी बाहेर ठेवलं नव्हतं. त्या सगळ्या बडबडत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या, डोळे पुसत होत्या. मी कडेला बसून केक खात होते आणि माझे डोळे कांद्याशिवायच भरून येत होते.

मग मला नवरा दिसला. मांडवाच्या पुढच्या बाजूला शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधत होता. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, दातात वायरचा तुकडा. खालून कोणी सांगत होतं, "काका, अजून डावीकडे." आमच्या घरातून आलेलं एक माणूस म्हणजे तो. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मला वाटलं, याचं इथे चांगलं चाललंय, माझ्यावाचून काही अडलेलं नाही, उठावं आणि अंधार पडायच्या आत वटारची रिक्षा पकडावी. पाय तर उठलेच होते. ते फाटकाकडे निघाले होते, मी ओढून त्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे वळवलं.

मावशी चुलाणाशी उभी राहून मोठ्या टोपातल्या रश्श्याचं मीठ बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. शाळेत आठशे पोरांसमोर बोलणारी मी, मला चार शब्द जुळवता येईनात.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला परत यायचंय. मागचं घर पुढे कोणाला द्यायचं ठरलं नसेल तर मला द्याल?"

तिने पळी टोपावर आडवी ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. तो वेळ मोजला तर पाच-सात सेकंदांचा असेल. मला त्यात नऊ वर्षं भोवली. ती नाही म्हणाली तर मी काय करणार होते, मला खरोखर माहीत नव्हतं.

"कोणाला देनार?" ती म्हणाली. "घर रिकामं झालं कुठं? तू गेल्यावर माझ्या मुलाने एक जोडपं आणलेलं बघायला. पुढचं भाडं पन द्यायला तयार होती. तुझ्या नवऱ्याने दारातच उभी केली. आत पाय नाय टाकू दिला. मी बोलले, अरे, तुला एकट्याला एवढं घर कशाला? तर बोलला, एकट्याला नाय मावशी, बायको यायची हाय."

तो माझ्या विरुद्ध जाऊन तिथे राहिला असं मी महिनाभर समजत होते. रागावूनही झालं होतं, रडूनही झालं होतं. माझ्यासाठी कोणी दार अडवून उभं असेल हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिथेच चुलाणाच्या धुरात मोठ्याने रडले. मावशीने रडू दिलं, मधेच एकदा रस्सा ढवळून घेतला.

मग म्हणाली, "आता उभी कशाला? घरटी एक सांगितलाय. एका घरातून दोन आले तर कोन नाय बोलतो?"

मी बाहेर गेले आणि लसणाच्या टोपलीपाशी खाली बसले.